दोनशे चौदाचं दार

मंगळवार, २ फेब्रुवारी

काल सकाळी मी दोनशे चौदा नंबरच्या खोलीचं दार ठोठावलं आणि आतून उत्तर येण्याची वाट बघत उभा राहिलो. खोलीत कोणी नव्हतं. खोलीतच काय, अख्ख्या मजल्यावर कोणी नव्हतं. साथीमुळे हॉटेल बंद होऊन दीड महिना झाला आहे. हे मला ठाऊक होतं, म्हणजे डोक्याला ठाऊक होतं. पाय मात्र सभ्यपणा सोडायला तयार नव्हते.

किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, पन्नास मिनिटं. ती खाली कॅमेऱ्यात बघत होती. आधी तिला वाटलं चित्र अडकलंय, म्हणून तिने स्क्रीनला दोन चापट्या मारल्या. मग माझी मान हलली तशी ती धावत वर आली. तिने विचारलं, "काका, आत कोण आहे?" मी म्हटलं, तेच तर विचारतोय.

मला वाटलं हसेल. हसली नाही. हाताला धरून तिने मला मॅनेजरसाहेबांच्या खोलीत नेलं. साहेबांनी मला त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसवलं. बावीस वर्षं त्या खुर्चीची धूळ मी पुसत आलो, बसलो काल पहिल्यांदा. बरी आहे, पण पाठीला जरा टोचते. मग त्यांनी फोन लावून दिला. कंपनीने एक बाई नेमल्या आहेत, त्या फोनवर मनाची विचारपूस करतात. त्यांनी मला झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं आणि शेवटी सांगितलं, रोज सुचेल तेवढं वहीत लिहा, ती कोणी वाचणार नाही. आम्हा सगळ्यांनाच सांगितलं असणार. एकट्या माझ्यासाठी कंपनी कशाला पगारी बाई ठेवील?

म्हणून ही वही. समास आखून घेतला आहे. आमचे गावचे गुरुजी म्हणायचे, समास सोडला नाही तर पान गुदमरतं. पान आज मोकळं आहे. तब्येत ठीक.


बुधवार, ३ फेब्रुवारी

आमचं हॉटेल बहात्तर खोल्यांचं. एके काळी नव्वद माणसं होतो. आता सात उरलो. मॅनेजरसाहेब, आचारी, रिसेप्शनवरची मुलगी, दोन पहारेकरी, वायरिंग बघणारा एक आणि मी, खोल्या आवरणारा.

जो जो सोडून गेला तो मला काही ना काही सोपवून गेला. दरवान आता घरोघरी पार्सलं पोचवतो. जाताना पितळेच्या मुठी पुसायची पावडर माझ्या हातात ठेवून गेला. पोहण्याच्या तलावावरच्या माणसाने लांब दांड्याची जाळी दिली. बारवाल्याने ग्लासांच्या कपाटाची किल्ली दिली आणि वर डोळा मारून म्हणाला, तुमच्यासारख्या माणसाकडेच ती सुरक्षित. आमच्या हाउसकीपिंगच्या मोठ्या बाई तर दारातूनच गेल्या. बसल्यासुद्धा नाहीत. किल्ल्यांचा जुडगा काउंटरवर ठेवला, सगळ्यांना हात जोडले आणि निघाल्या. वीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण असं पाठमोरं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आज एखादा पाहुणा आलाच तर मीच दार उघडीन, मीच त्याची बॅग उचलीन, धावत काउंटरमागे जाऊन मीच त्याला "या, बसा" म्हणेन. टोपी तेवढी बदलावी लागेल.

सोडून जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण ज्या घराने इतकी वर्षं सांभाळलं त्याच्या वाईट दिवसांत असं उठून जाणं मला तरी जमलं नसतं. देवाने मला थोडी तरी निष्ठा दिली, त्याचे आभार.


शनिवार, ६ फेब्रुवारी

रिकाम्या खोलीतलं पाणी पाइपात पडून राहिलं की खराब होतं. म्हणून दर तिसऱ्या दिवशी बहात्तर खोल्यांचे नळ पाच पाच मिनिटं सोडायचे, खिडक्या उघडायच्या, चादरी झटकायच्या. आणि आत जाण्याआधी दार ठोठावायचं. तीनदा. दर वेळी मोठ्याने "हाउसकीपिंग" म्हणायचं. खोली रिकामी आहे हे माहीत असलं तरी. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. नवा होतो तेव्हा एकदा रिकामी समजून मी सरळ आत गेलो, तर एक गृहस्थ पलंगावर उभे राहून आरशासमोर भाषणाची तालीम करत होते, अंगावर फक्त टाय. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि भाषण पुरं ऐकवलं. तेव्हापासून मी ठोठावल्याशिवाय स्वतःच्या पेटीचं झाकणही उघडत नाही.

दोनशे चौदाचे नळ सध्या रिसेप्शनवरची मुलगी सोडते. आपण होऊन म्हणाली, काका, ती खोली माझ्याकडे द्या, मला जरा पाय मोकळे करायचे असतात. बिचारी दिवसभर एकटी बसून कंटाळते. परवा कबूल केलं की मधूनच लिफ्टमध्ये शिरून उगाच वरखाली करते, कारण लिफ्टमधली बाई निदान "दुसरा मजला" असं काहीतरी बोलते. तिच्याकडे लक्ष द्यायला हवं.

आचाऱ्याकडेही. साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्याचं जरा बघा, दुपारी त्याच्याबरोबर जेवत जा, तो अलीकडे भांड्यांशी बोलतो. मी ही जबाबदारी आनंदाने घेतली. आचारी माझ्याच वयाचा. मी रोज सकाळी हात जोडतो म्हणून तो मला बुवा म्हणतो. आज त्याच्यासमोर बसून जेवलो आणि नीट पारख केली. खरंच, एका पातेल्याला तो "तू आज रुसलीस का" म्हणाला. लक्षण बरं नाही.


मंगळवार, ९ फेब्रुवारी

मोठी बातमी. हॉटेल पंधरा मार्चला उघडणार. नवी तीस माणसं घेणार. आणि हाउसकीपिंगचा मुख्य म्हणून साहेबांनी मला विचारलं आहे. मोठ्या बाईंची जागा. काळा कोट, स्वतःचं टेबल, टेबलावर फोन. साहेब म्हणाले, "तब्येत साथ देत असेल तरच हो म्हणा. एक तारखेपर्यंत विचार करा." मी म्हटलं, माझ्या तब्येतीला काय धाड भरली आहे?

घरी सांगितलं तर हिने हातातलं काम टाकलं. ही म्हणजे माझी बायको. एका शाळेच्या कचेरीत ती कामाला आहे आणि मोठ्या पदांची भाषा तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. तिने वितीने माझे खांदे मोजले आणि कोटाला आत कापूस लावावा लागेल असा निकाल दिला. मग धाकट्या बहिणीला फोन केला. त्या बहिणीचा नवरा हेडक्लार्क आहे आणि गेली पंधरा वर्षं ते आम्हाला जेवताखाता ऐकावं लागतं. आज त्याची फेड झाली. फोन चाळीस मिनिटं चालला.

मुख्याचं काम तसं सोपं. रोज सकाळी प्रत्येक खोलीत स्वतः जाऊन तपासणी करायची. बहात्तर दारं. त्यातली एकाहत्तर तर मला आत्ताच जमतात.


गुरुवार, ११ फेब्रुवारी

फार काही नाही. झोप तीन तास. साबणाने हाताला भेगा पडल्या आहेत, ही रोज तेल लावते. सकाळी प्रार्थना म्हटली. संपल्यावर आठवेना म्हटली की नाही, म्हणून पुन्हा म्हटली. मग पुन्हा. चौथ्या वेळी देवालाच म्हटलं, तुला पोचली असेल तर राहू दे. तब्येत ठीक.


रविवार, १४ फेब्रुवारी

सुट्टी. बाजारातून परत आलो आणि घराचं दार ठोठावलं. किल्ली खिशात होती, पण हात भरलेले होते असं मी हिला सांगितलं. खरं तर उत्तर येईपर्यंत आत जावंसंच वाटेना. ही मोरीत होती, तिला ऐकू आलं नाही. शेजारीण जिना उतरताना बघून गेली, चढताना बघून गेली, तिसऱ्यांदा म्हणाली, "भांडण झालं का हो?"

शेवटी हिने दार उघडलं. पिशव्यांमधलं दूध कोमट झालं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, दुधाकडे बघितलं आणि म्हणाली, "या. घर तुमचंच आहे." चिडून नाही म्हणाली. त्यामुळे मला जास्त कसंसं झालं.

आता मी यायच्या सुमारास ती दार उघडं टाकणार आहे. म्हणते, हवा खेळती राहील. आमच्या घरात बायकांना हवेचं फार.


बुधवार, १७ फेब्रुवारी

फोनवरच्या बाईंनी आज सरळच विचारलं, दोनशे चौदामध्ये काय झालं होतं? मी म्हटलं, सांगण्यासारखं काही नाही. त्या म्हणाल्या, मग मला नका सांगू, वहीला सांगा. वहीला सांगतो.

नोव्हेंबरात हॉटेल सरकारने विलगीकरणासाठी घेतलं होतं. बाहेरून आलेला माणूस चौदा दिवस खोलीत. नियमांचा कागद आमच्या छातीवर टाचलेला. तीनदा ठोठावा, ताट बाहेरच्या स्टुलावर ठेवा, मागे व्हा, निघा. काही झालं तरी दार उघडायचं नाही.

दोनशे चौदामध्ये घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते. मी त्यांचं तोंड कधी पाहिलं नाही, फक्त आवाज. ठोठावलं की आतून म्हणायचे, "आहे, आहे. अजून आहे." आणि पाठोपाठ, "सात मिनिटं उशीर." रोज सात मिनिटंच कसा होतो हे मला अजून कोडं आहे. मी त्यांच्यासाठी पायऱ्यांवर पळतसुद्धा होतो. तरी सातच.

नवव्या दिवशी सकाळी उत्तर आलं नाही. वाटलं, अंघोळीला गेले असतील. ताट ठेवलं, निघालो. दुपारी सकाळचं ताट तसंच होतं. ते उचललं, दुसरं ठेवलं, ठोठावलं. काही नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं, "सकाळचं ताट परत." संध्याकाळी लिहिलं, "दुपारचं ताट परत." माझं अक्षर चांगलं आहे, पण रजिस्टर कोणी वाचत नव्हतं. तेव्हा मोठ्या बाईंना सांगितलं. त्या एका माणसाला घेऊन पांढरे झगे चढवून आल्या आणि दार उघडलं.

आजोबा पलंग आणि दार यांच्यामध्ये पडले होते. हात दाराकडे होता. म्हणजे ते उत्तर द्यायला येत होते. दिवसभर मी तीनदा त्यांच्यापासून चार पावलांवर उभा होतो आणि सगळ्या दारांची किल्ली माझ्या खिशात होती.

गाडी आली, घेऊन गेली. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. विचारलं नाही तोवर दोन्ही शक्य असतं.

मी नियम पाळला होता. हे इथे लिहून ठेवतो.


शनिवार, २० फेब्रुवारी

आज हसून हसून पोट दुखलं. कितीतरी दिवसांनी.

आचाऱ्याबरोबर जेवत होतो. मी उठायला लागलो तसा तो म्हणाला, "बुवा, अर्धं टाकलंस. आता साहेबांना काय सांगू?"

मी म्हटलं, साहेबांना सांगायचं काम माझं आहे. तुझ्यावर लक्ष ठेवायला मला नेमलंय.

त्याने हातातला घास खाली ठेवला. "तुला? अरे, मला नेमलंय तुझ्यावर. सहा तारखेपासून. रोज किती खाल्लंस ते लिहून देतो मी."

मग आम्ही एकमेकांच्या चुगल्या ताडून पाहिल्या. मी साहेबांना कळवलं होतं की हा पातेल्यांशी बोलतो. त्याने कळवलं होतं की मी सांडशी उचलण्याआधी ओट्यावर तीनदा टकटक करतो. "भांडी निदान माझी आहेत," तो म्हणाला, "तू कोणाला विचारतोस?" एवढं हसलो की तो पिठाच्या पोत्यावर बसला आणि पांढरा होऊन उठला.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, तुझी वही कितपत भरली? तो म्हणाला, कसली वही? वही फक्त मला सांगितली आहे. त्याचंही त्या बाईंशी बोलणं होतं. पहिल्या दिवशी तो वीस मिनिटं नुसता रडला म्हणे. बाईंनी त्याला रोज चालायला सांगितलं. म्हणून तो हॉटेलभोवती सात फेऱ्या मारतो. मी समजत होतो तो भाजीच्या गाडीची वाट बघतो.

मी सहज म्हटलं, आपण दोघं निदान टिकलो, बाकीचे पळाले. तेव्हा तो गंभीर झाला. म्हणाला, "मोठ्या बाई पळाल्या नाहीत, बुवा. त्या दिवसापासून त्यांना बंद दार सोसेना. घरच्या मोरीची कडीसुद्धा लावत नव्हत्या. आता चौकात मोठ्या छत्रीखाली फुलं विकतात. दर आठवड्याला फोन करून विचारतात, तो अजून तिथेच आहे का?"

तो म्हणजे मी.

त्यांच्याबद्दल वर मी जे लिहिलं आहे ते खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. लिहिलं होतं खरं.


मंगळवार, २३ फेब्रुवारी

धीर करून रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, दोनशे चौदाच्या आजोबांचं पुढे काय झालं.

ती म्हणाली, घरी आहेत. अठरा दिवस दवाखान्यात होते, मग चालत घरी गेले. डिसेंबरात त्यांचा इथे फोनही आला होता. माझी चौकशी करत होते. "तो सात मिनिटंवाला बरा आहे ना," असं विचारलं.

मग हे मला कोणी सांगितलं का नाही? ती बिचारी कावरीबावरी झाली. म्हणाली, "काका, तो विषय निघाला की तुम्ही ट्रॉली घेऊन निघून जायचात. आम्हाला वाटलं, तुम्हाला नको आहे." खरं आहे. ट्रॉलीची चाकं मी त्या महिन्यांत फार झिजवली.

मी तिथेच लॉबीत, सगळ्यांसमोर हात जोडले. आयुष्यात देवाकडे फारसं मागितलं नाही आणि जे मागायला घाबरलो ते त्याने तीन महिन्यांपूर्वीच देऊन ठेवलं होतं. घरी येताना मी अख्खा रस्ता गुणगुणत आलो. ही म्हणाली, आवाज बसका आहे पण ऐकायला बरं वाटतंय. एक तारखेला साहेबांना हो सांगायचं. ही उद्या कोटाचं कापड बघणार आहे.


गुरुवार, २५ फेब्रुवारी

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. दोनशे चौदाचे नळ आज मी सोडतो असं मुलीला सांगितलं. तीनदा ठोठावलं, तीनदा "हाउसकीपिंग" म्हटलं. किल्ली हातात होती.

माणूस घरी सुखरूप आहे. बहुतेक कोणाच्या तरी घड्याळाचे काटे पुढेमागे करत बसला असेल. हे मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. तरी हात उचलला गेला नाही. आतून उत्तर यायला हवं, एवढंच डोक्यात. घामाने शर्ट पाठीला चिकटला.

आचारी वर आला. माझ्या शेजारी उभा राहिला, थोड्या वेळाने म्हणाला, "चल, मला फेऱ्या मारायच्यात, एकट्याने कंटाळा येतो." मी त्याच्याबरोबर सात फेऱ्या मारल्या.

फोनवरच्या बाईंना सांगितलं, माणूस जिवंत आहे, मग हे असं का? त्या म्हणाल्या, दगडाची ठेच लागून बोट मोडलं तर दगड उचलून फेकल्याने बोट जुळत नाही. हे दुखणं आहे, याला डॉक्टर लागतात, औषधं लागतात, दोन-तीन महिने विश्रांती लागते. त्यांनी एका डॉक्टरांचा पत्ता दिला.

आज तब्येत ठीक असं लिहिणार नाही.


शनिवार, २७ फेब्रुवारी

दोन दिवस हिच्याशी बोलायचं ठरवतोय आणि दोन दिवस चप्पल नीट लावणं, नळ घट्ट करणं, असली कामं काढतोय. ती काल कोटाचं कापड घेऊन आली. दुकानदाराला तिने सांगितलंही, साहेब होणार आहेत म्हणून. आता हिला काय सांगायचं?

मुख्य झालो तर रोज बहात्तर दारं आणि हाताखाली तीस माणसं. त्यातलं एखादं माझ्यासारखंच दारात उभं राहिलं तर त्याला मी काय सांगणार, नियम पाळ म्हणून? आणि नाही म्हटलं तर बावीस वर्षांनी आलेलं पान परत. असं पान दुसऱ्यांदा वाढत नाहीत.

दुपारी सांगून टाकलं. सगळं, क्रमाने. आजोबांचा हात, किल्ली, पन्नास मिनिटं, दूध. कापड तिच्या मांडीवर होतं. तिने ते घडीवर घडी करत इतकं लहान केलं की मला वाटलं रुमालच शिवणार. मग उठली आणि बहिणीला फोन लावला. मी म्हटलं, अगं थांब, आधी आपण ठरवू. तिने हाताने मला गप्प केलं.

"हं, ऐक. हे साहेब होणार नाहीत," ती फोनवर म्हणाली. "आजारी आहेत. अगं नाही, ते नाही. मनाने. हो, मनालाही होतं. तुझ्या नवऱ्याला पित्त होतं तसंच, फक्त यांना इनो घेऊन भागणार नाही."

मग मेहुणी काहीतरी म्हणाली आणि हिचे डोळे भरले. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाली? म्हणे, हेडक्लार्कसाहेब गेल्या जूनपासून कचेरीत जायच्या आधी अर्धा तास गाडीत नुसते बसून राहतात. ती कोणाला बोलली नव्हती.

मग ही माझ्याजवळ येऊन बसली. "किती दिवस लपवणार होता?" मी म्हटलं, लपवत नव्हतो, मलाच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मला होतं. दार काय हवेसाठी उघडं टाकत होते?"

पगाराशिवाय तीन महिने कसे काढायचे ते तिने हातावर मोजून पाहिलं आणि निघतील म्हणाली. तिच्या हिशेबावर माझा भरवसा आहे.


सोमवार, १ मार्च

सकाळी प्रार्थना एकदाच म्हटली. झाली का म्हणून पुन्हा बघितलं नाही.

दहा वाजता साहेबांसमोर त्या टोचऱ्या खुर्चीत बसलो. म्हटलं, साहेब, ही जागा मला नको. मी आजारी आहे. तीन महिने रजा द्या, नंतर मजल्यावरचं काम सोडून काहीही द्या. तोवर जागा ठेवता येत नसेल तर तसं सांगा, मी समजेन.

साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत. आज मात्र थकलेले दिसले. जागेचा शब्द देऊ शकत नाही म्हणाले, प्रयत्न करीन म्हणाले. खणातून फॉर्म काढला. नाव, हुद्दा, तारखा मी भरल्या. "कारण" असा रकाना आला तिथे थांबलो.

"घरगुती कारण लिहा," साहेब म्हणाले. "सगळे तेच लिहितात." त्यांनी सोडून गेलेल्यांची फाइल ओढून माझ्यापुढे उघडली. मी पानं उलटली. दरवान, तलाववाला, बारवाला, मोठ्या बाई. त्र्याऐंशी फॉर्म, वेगवेगळ्या शाया, वेगवेगळी अक्षरं, आणि त्या रकान्यात एकच ओळ. घरगुती कारण, घरगुती कारण. एका हॉटेलातल्या त्र्याऐंशी घरांत एकदम असं काय झालं असेल, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही. यातले कितीतरी कागद मीच त्यांच्या हातून घेऊन इथे आणून दिले होते.

मी लिहिलं, "मनाचं दुखणं. औषधोपचारासाठी."

साहेबांनी उलट बाजूने वाचलं. खालच्या आवाजात म्हणाले, "हे वर मुख्य कचेरीत जातं. उद्या दुसरीकडे नोकरी मागायला गेलात तर तिथेही विचारतील. दुसरा फॉर्म देतो."

मी म्हटलं, नको, हा बरा आहे. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. अक्षर चांगलं आलं होतं.